मागच्या भिंतीचं गणित

विष्णुपुरी

आषाढात माझा धाकटा भाऊ माधव वारला. हृदय बंद पडलं, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं. नांदेडजवळ विष्णुपुरीला एका अभियांत्रिकी महाविद्यालयात तो शिकवत असे आणि तिथेच भाड्याच्या दोन खोल्यांत राहत असे. लग्न त्याने केलं नव्हतं. त्याच्या खोल्या रिकाम्या करायला मी गेले ती मार्गशीर्षात. मधले महिने ‘जायला हवं’ असं म्हणण्यात गेले. चिपळूणच्या वाचनालयात तीस वर्षं काम करून मी निवृत्त झाले आहे. ज्या गावांबद्दल वाचलं, तिथे जाण्याची घाई मला कधी वाटली नाही. मराठवाडा तर मी पुस्तकातही फारसा पाहिला नव्हता.

पहिल्या सकाळी धरणाच्या बाजूला फिरून आले. गोदावरी इथे इतकी रुंद आणि शांत पसरली आहे की नदी कुठल्या दिशेला जाते आहे तेच मला कळेना. आमच्या वाशिष्ठीला भरती-ओहोटी असते, तिचा स्वभाव चेहऱ्यावर दिसतो. इथे मी अर्धा तास उभी राहून पाण्यावरचा एक वाळका फाटा पाहत होते. तोही हलला नाही.

खोलीत कपडे थोडे, भांडी त्याहून थोडी आणि कागद मात्र पोत्यांनी. टेबलासमोरच्या भिंतीवर एक मोठा कागद चिकटवलेला होता. त्यावर एक निळी रेघ आणि एक लाल रेघ, खाली-वर जाणाऱ्या. उजवीकडे दोन्ही जवळजवळ बिलगून होत्या, डावीकडे मात्र लाल रेघ निळीच्या पुष्कळ खाली घसरलेली. मला वाटलं, हा त्याच्या हृदयाचा आलेख असणार, आणि त्याने तो कोणालाही न सांगता भिंतीवर लावून ठेवला होता. मी खुर्चीवर बसले ती पद्मा येईपर्यंत उठले नाही.

पद्मा ही माधवची सहकारी. देगलूरची, पस्तिशीची, घरी तेलुगू बोलणारी. तिने डबा आणला होता, त्यात फोडणी दिलेले, भिजवून पिळून घेतलेले चुरमुरे. याला इथे सुशीला म्हणतात. मी तिला भिंतीवरचा कागद दाखवला आणि विचारलं, हे त्याला कधीपासून होतं?

“हे हृदयाचं नाहीये ताई,” ती म्हणाली. “हा रेणापूरचा मंडप आहे.”

मग तिने मला समजावलं. बंद जागेत आवाज कसा वागेल, हे ती जागा बांधायच्या आधी गणिताने सांगता येतं, आणि माधवचं सगळं आयुष्य त्यात गेलं होतं. बारीक आवाजासाठी संगणकावर व्यासपीठावरून लाखभर सरळ रेघा सोडायच्या. प्रत्येक रेघ भिंतीवर आपटून परत फिरते आणि दर आपटण्याला थोडी थोडी क्षीण होते. खर्जातला आवाज मात्र असा रेघेसारखा जात नाही. त्याची एकेक लाट माणसापेक्षा लांब असते, ती कोपऱ्यांतून वळते. त्यासाठी सगळ्या खोलीचे टीचभर टीचभर तुकडे कल्पायचे आणि प्रत्येक तुकडा शेजारच्याला किती ढकलतो ते मोजत जायचं. प्रत्येक भिंतीला एक आकडा द्यायचा, ती आवाज किती खाते त्याचा. शून्य म्हणजे काहीच खात नाही. एक म्हणजे उघडी खिडकी, गेलेला आवाज परत येतच नाही.

“निळी रेघ सरांच्या गणिताची,” ती म्हणाली. “आवाज विझायला किती वेळ लागतो, ते सांगते. लाल रेघ मंडपात जाऊन मोजलं त्याची. डावीकडे खर्ज आहे. तिथं दोघांचं जमलं नाही.”

“म्हणजे त्याचं चुकलं?”

तिने डबा माझ्याकडे सरकवला. “खा ना ताई, गार झालं तर चिवट होतं.”

संध्याकाळी कागद लावताना मला ते पत्र सापडलं. रेणापूर तालुक्यातल्या एका गावच्या मठाचं, खाली पाच विश्वस्तांच्या सह्या. आपण दिलेल्या सल्ल्याप्रमाणे मागच्या भिंतीला फळ्या लावल्या नाहीत, आणि आता मंडप घुमतो, शब्द कळत नाहीत, सबब आपलं गणित चुकलेलं आहे. भाषा सभ्य होती. त्या सभ्यतेनेच मला जास्त लागलं.

मला त्याचा ज्येष्ठातला फोन आठवला. तो म्हणाला होता, “ताई, मला माझंच गणित कळेनासं झालंय.” मी म्हटलं होतं, झोप नीट घे. गणितातलं मला काय कळणार, म्हणून मी पुढे काही विचारलंच नाही. आता मला जाणून घ्यायचं होतं ते एवढंच, की तो खरोखर चुकला होता का. चुकला असता तरी माझा भाऊच होता. पण मला ते माहीत हवं होतं.

रेणापूरच्या वाटेवर

पद्माने स्वतःच्या गाडीने न्यायचं कबूल केलं, पण दिवस तिने ठरवला: वेळ अमावस्या. लातूरकडे मार्गशीर्षातल्या अमावास्येला अख्खी गावं शेतात जेवायला जातात. दुकानं बंद, गिरण्या बंद, रस्ते ओस. “आवाज मोजायचा तर शांतता लागते,” ती म्हणाली. “सरांनीही गेल्या वर्षी हाच दिवस धरला होता.” ती तेव्हा बाळंतपणाला माहेरी होती, त्यामुळे माधव एकटाच गेला होता.

लोहा, अहमदपूर मागे पडलं. दोन्ही बाजूंना हरभरा, ज्वारी आणि कापणी व्हायची राहिलेली तूर. एवढं आभाळ मी एका वेळी कधी पाहिलं नव्हतं. आमच्याकडे नजर शंभर पावलांवर कुठल्या तरी डोंगराला लागते आणि परत येते. इथे ती गेली की गेलीच.

गाडीत माधवची वही माझ्या मांडीवर होती. वाचायची सवय, म्हणून पानं उलटत होते. गणित कळत नव्हतं, पण अक्षर त्याचं होतं. मंडपाचा नकाशा चिकटवलेल्या पानावर लांबी साठ फूट. पुढे, मोजणीच्या दिवशीच्या पानावर, टेपने घेतलेली लांबी चोपन्न फूट. वाचनालयाच्या नोंदवहीत पुस्तकाच्या पानांची संख्या एक आणि पुस्तकात दुसरीच, असं झालं की मला आयुष्यभर अस्वस्थ वाटत आलं आहे.

“हे दोन वेगळे कसे?”

“मिस्त्री लोक करतात कमी-जास्त,” पद्मा म्हणाली. “सरांनी मग गणितात चोपन्नच घातलं. तरी जमलं नाही.”

त्याच पानावर मोजणीच्या वेळी मंडपात काय काय होतं त्याची यादी होती. जमीन शहाबादी फरशी, सतरंज्या नाहीत, माणसं एक, मागच्या भिंतीला कनात. लग्नाच्या मांडवाला बाजूने बांधतात ते कापड, त्याला कनात म्हणतात. पद्माने सांगितलं, कापड बारीक आवाज थोडा खातं, खर्ज अजिबात नाही.

मंडप

किल्ली घेऊन मल्लिकार्जुनअप्पा स्वतः आले. मठाचे मुख्य विश्वस्त, लातूरच्या बाजारात आडत, सत्तरीचे, कपाळाला विभूती. आवाज विहिरीतून आल्यासारखा.

“शरणार्थ, ताई,” त्यांनी हात जोडले. “सर लई सज्जन मानूस. आमच्यातलं कुनी गेल्यावानी झालं. बघून घ्या मंडप. मग सीधं आमच्या शिवारात यायचं जेवायला. आज कुनाला उपाशी जाऊ देत न्हाईत इकडं.”

मंडप सुंदर होता. काळ्या दगडाचे खांब, वर उंच गोलसर छत, मागची भिंत कोरी, पांढरी. कनात आता नव्हती. पद्माने फुगा फुगवला. मोजणीसाठी फुगा फोडतात, हे मला ठाऊक नव्हतं. तिने सुई लावली आणि मी ओरडले. फुग्याचा आवाज गेला, माझं ओरडणंही गेलं, पण त्यांच्या खालून एक जाड हुंकार उठला आणि तो जाईना. पायांतून आल्यासारखा वाटला.

पद्मा संगणकाच्या पडद्याकडे पाहत होती. “अरे देवा. अहो, हे तर सरांच्या पहिल्या गणितासारखं आलं. नकाशावरून केलं होतं ना, त्याच्यासारखं. लाल रेघेसारखं नाही.”

“म्हणजे?”

“कळत नाही ताई. गेल्या वर्षी मागची भिंत खर्ज खात होती. आज खात नाहीये. भिंत तीच.”

मला भिंतीबद्दल काय कळणार? पण लांबीचं मला टोचत होतं. मी व्यासपीठाच्या कडेला टाच लावली आणि पावलाला पाऊल जोडून चालू लागले. माझं पाऊल नऊ इंचांचं आहे. लहानपणी माधव आणि मी अंगण असंच मोजायचो.

“काय करायलाव, ताई?” अप्पांनी दारातून विचारलं.

“मोजते आहे.”

भिंतीला अंगठा टेकला तेव्हा ऐंशी पावलं झाली होती. साठ फूट. मिस्त्रीने काही कमी केलं नव्हतं. पद्माने टेप लावली, तेच आलं. मी अप्पांना म्हटलं, “गेल्या वर्षी माझ्या भावाला इथे सहा फूट कमी मिळाले.”

अप्पा म्हणाले, “ऊन चढाय लागलंय. चला जेवायला.”

शिवार

कडब्याची खोप, आत चुना लावलेले पाच दगड, त्यांची पूजा झालेली. आमच्याकडे देव देवळात किंवा राईत असतात. शेतात दिवसापुरते येऊन संध्याकाळी परत जाणारे देव मी पहिल्यांदा पाहिले. काळ्या मातीत माझा पाय घोट्यापर्यंत गेला आणि एक चप्पल तिथेच राहिली. ती काढायला दोन बायका आल्या आणि चपलेऐवजी माझ्याच तब्येतीची चौकशी करत बसल्या.

अप्पांच्या बायकोने, गिरजाकाकूंनी, वाढलं. ज्वारी-बाजरीचे उंडे, हिरवे दाणे आणि पालेभाज्या बेसनात शिजवून केलेली भज्जी, तिळाची पोळी, खीर. भज्जी म्हणजे तळलेली भजी असणार, असं मी धरून चालले होते. समोर आलं ते दाटसर आणि इतकं चवदार की मी बोलायची थांबले. शेजारी मडक्यातलं पांढरं काही वाढलं होतं. कढी समजून मी ते भातावर ओतलं.

“अवो ताई, आंबील हाय ते! प्यायचं असतंय,” गिरजाकाकू हसल्या. “असू द्या, असू द्या. पोटात जाऊन एकच होतंय.”

मी पुन्हा तो विषय काढणार नव्हते. पण अप्पांनी उंडा नुसता कुस्करून ठेवला होता. काकूंचं लक्ष होतं.

“सांगा की आता,” त्या म्हणाल्या. “का बहिनीसारख्या बाईला पावलानं मंडप मोजाय लावताव?”

“तू गप.”

“मी वरीसभर गपच हाय.”

अप्पांनी ताट बाजूला सारलं. “ताई, तितं माझी पोती होती. सोयाबीनची. चारशेच्या वर.”

मला अर्थ लागेना. पद्माने मात्र घास खाली ठेवला.

“गोदाम भरलं होतं,” ते म्हणाले. “भाव चढंल म्हनून माल ठिवला होता. मंडप रिकामाच हाय, मागं थप्पी लावली तर कुनाचं काय जातंय? पन लोकांनी बघितलं तर म्हनतील, देवाच्या जागंचं गोदाम केलं. म्हनून कनात बांधली. सरांनी इचारलं बी, अप्पा, मागं काय हाय? मी म्हनलो, काम कच्चं हाय, उघडू नका.”

“आणि त्याने उघडली नाही,” मी म्हटलं.

उघडणारच नव्हता. दुसऱ्याच्या घरातला पडदा सारायचा नाही, हे आईने आम्हाला इतकं शिकवलं होतं की पाहुण्यांच्या घरी खिडकीचा पडदाही आम्ही विचारून बाजूला करायचो.

“तवा मला काय ठाव, पोती आवाज खात्यात म्हनून?”

“तवा ठाव नव्हतं,” गिरजाकाकू म्हणाल्या. “फाल्गुनात पोती काढली. सप्त्याला मंडप घुमला. तवा मी म्हनले का न्हाई, पोती काढल्यापासनं घुमाय लागला? आन तरी तुमी त्या कागदावर सही केली.”



पद्मा खोपीच्या सावलीत संगणक घेऊन बसली. तिने मंडप पुन्हा मांडला, साठ फुटांचा, आणि मागे सहा फूट जाडीची धान्याची थप्पी ठेवली. दाण्यांच्या मधल्या फटींतून खर्जाची लाट आत शिरते आणि तिथेच जिरते, असं ती म्हणाली. गणिताला पाऊण तास लागणार होता. तेवढ्या वेळात आम्हाला दोनदा खीर आली. वाटेने जाणाऱ्या एका अनोळखी मोटारसायकलवाल्याला हात धरून बसवून जेवू घातलं. कोणी कोणाचं नाव विचारलं नाही.

मग पद्माने मला बोलावलं. पडद्यावर माधवची लाल रेघ होती आणि तिच्यावर नवी निळी. मला ती आधी दिसलीच नाही, इतकी ती लाल रेघेच्या अंगावरून चालली होती.

“नकाशावरून केलेलं सरांचं पहिलं गणित बरोबर होतं,” पद्माचा आवाज बदलला होता. “त्यात त्यांनी लिहिलंय, मागच्या भिंतीपासून चार बोटं सोडून पातळ फळ्या लावा, नाहीतर मंडप घुमेल. पण मोजलं तर घुमत नव्हता. मग त्यांनी फळ्या नको म्हणून कळवलं. वर्गात सांगायचे, गणित आणि माप भांडले तर मापाचं ऐकायचं.”

“मग तो बरोबर होता की चुकला?”

तिने लाल रेघेवर बोट ठेवलं. “माप पण बरोबर होतं ताई. फक्त मोजलं ते मंडपाचं नव्हतं.”

मला आनंद व्हायला हवा होता. ज्यासाठी चिपळूणहून आले ते मिळालं होतं. पण तो बरोबर होता, हे कळून फायदा ज्याला व्हायचा तोच नव्हता, आणि ज्या माणसाने त्याला सहा महिने स्वतःवर संशय घ्यायला लावला, त्याच्या घरची खीर माझ्या हातात होती. ती चांगली झाली होती. मी ती ठेवून द्यावी की संपवावी, हे मला ठरवता येईना. शेवटी संपवली.

निघताना मी अप्पांना विचारलं, “ते पत्र पाठवायच्या आधी गावासमोर वाचलं होतं?”

“वाचलं होतं. मंडपातच.”

“मग हेही तिथेच सांगा.”

एवढं मी बोलू शकेन, असं मला वाटलं नव्हतं. अप्पा खोपीतल्या दगडांकडे पाहत राहिले. “उद्या सकाळी भजन हाय,” ते म्हणाले. “समदे येतेत.”

पुन्हा मंडप

रात्री आम्ही रेणापुरात पद्माच्या मावशीकडे राहिलो. अप्पा सकाळपर्यंत विचार बदलतील, असं मावशीचं मत होतं. आडतवाला माणूस, मोठा मान, असं कबूल करेल का? मलाही तसंच वाटत होतं. थोडं बरंही वाटत होतं, कारण त्यांनी सांगितलं तर आपण काय करायचं असतं, हे मला माहीत नव्हतं.

सकाळी मंडप भरला. पुढे पुरुष, मागे बायका, सगळे फरशीवर. मी आणि पद्मा अगदी शेवटी, त्या कोऱ्या भिंतीला पाठ लावून बसलो. भजन झालं. शब्द एकात एक मिसळून नुसताच एक लांब सूर येत होता. बायकांना ते पाठ होतं, म्हणून चाललं होतं.

मग अप्पा उठले. कोणीतरी ध्वनिक्षेपक पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला आणि व्यासपीठावर उभं राहून त्या विहिरीतल्या आवाजात बोलू लागले. चेहरा काळवंडलेला, हात जोडलेले. बराच वेळ बोलले. आमच्यापर्यंत आला तो एक मोठा, गोल हुंकार. मला एक शब्द कळला नाही.

“काय म्हनले अप्पा?” माझ्या पुढच्या बाईने पुढच्या रांगेला विचारलं.

“काय की. वर्गनीचं असंल.”

“सप्त्याचं म्हनले वाटतं.”

अप्पांना ते दिसलं. एवढं धैर्य गोळा करून जे सांगितलं, ते कोणाला कळलंच नव्हतं, हे त्यांच्या लक्षात येताना मी पाहिलं. तिथेच थांबता आलं असतं. सांगितलं तर होतंच. मी मान खाली घातली.

वर पाहिलं तर ते व्यासपीठावरून उतरत होते. पहिल्या रांगेसमोर उभे राहून त्यांनी हळू आवाजात पुन्हा सांगितलं. तिथे एकदम शांतता झाली. मग चार रांगा सोडून पुन्हा. कोणीतरी “आरारा” म्हणालं. मग बायकांत. दर वेळी वाक्यं कमी होत गेली. आमच्यापर्यंत आले तेव्हा घाम आला होता, आवाज बसला होता आणि सांगण्यासारखं दोनच वाक्यांत उरलं होतं.

“सरांचं गनित बरोबर होतं. मागं माझी पोती होती, ती मी लपवली.”

हे त्यांनी मला नाही, माझ्या पुढच्या बायकांना सांगितलं. माझ्याकडे पाहिलं नाही. पद्माने माझा हात धरला. मला वाटलं होतं, हे ऐकून काहीतरी सुटेल. काय सुटलं ते मला अजून कळलेलं नाही.

पुढची एक म्हातारी कानाला हात लावून बसली होती. तिने मान हलवली. “आता कळलं,” ती म्हणाली. “मग अप्पा, त्या पोत्यानं मंडप नीट बोलत व्हता म्हनताव?”

“हाव.”

“मग ती आना की परत! कुटं हायती?”

“इकली,” अप्पा म्हणाले.

आधी त्या रांगेत हसू फुटलं, मग पुढच्या रांगांना कळलं आणि सगळा मंडप हसू लागला. गिरजाकाकू पदर तोंडाला लावून हसत होत्या. अप्पाही, डोळे पुसत. कोणीतरी म्हणालं, फळ्या लावा आता, सरांनी सांगितल्या तशा, चार बोटं सोडून. अप्पा म्हणाले, लावू. पाठीमागच्या भिंतीतून तो सगळा आवाज माझ्या पाठीत येत होता. लोक हसायचे थांबले, तरी मंडप थोडा वेळ हसत राहिला. मीही.